आउटसोर्सिंग: व्हाया भिवंडी

आउटसोर्सिंग म्हटलं की हिंजवडी आठवते, ऐरोली आठवते, रात्री अकराची कॅब आठवते. भिवंडी कुणाला आठवत नाही. आमच्या हापिसात भिवंडीची ओळख एवढीच, की ऑनलाइन मागवलेलं पार्सल ट्रॅक केलं तर दोन दिवस ते तिथेच दिसतं! मी वाढलो कल्याणला. दुर्गाडीचा पूल ओलांडला की पलीकडे भिवंडीचा रस्ता, त्यामुळे थोडा शेजारधर्म आहे हे मान्य. पण गेले तीन-चार वीकएंड जे काही वाचत बसलो होतो त्यावरून माझं मत झालंय, की काम बाहेर देण्यातली जोखीम समजून घ्यायची असेल तर या गावाइतका चांगला धडा आसपास दुसरा नाही. इथे दोन वेगवेगळ्या काळात दोन वेगवेगळ्या गोष्टी आउटसोर्स झाल्या, एकदा कापड आणि एकदा वीज. दोन्ही वेळा जोखीम वेगळ्या वाटेने गेली.

आधी आपल्या धंद्याबद्दल थोडं, म्हणजे तुलना करायला बरं.

कॉम्प्युटरचं काम बाहेर देण्याचा इतिहास सांगताना १९८९ हे साल हमखास येतं. त्या वर्षी ईस्टमन कोडॅकने आपली डेटा सेंटर्स आयबीएमच्या हवाली केली. त्याआधी असं होत नव्हतं असं नाही. रॉस पेरोची ईडीएस ही कंपनी १९६२ पासून दुसऱ्यांचं डेटा प्रोसेसिंग करून देण्यावरच जगत होती. पण तोवर समज असा होता, की ज्यांना स्वतःला जमत नाही ते बाहेर देतात. कोडॅक मोठी, श्रीमंत, सगळं जमणारी कंपनी. तिनेच दिल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. पुढे वायटूके आलं, समुद्राखालून केबल आल्या, आणि आज आपल्यापैकी बऱ्याच जणांचे ईएमआय त्या लाटेच्या कृपेने भरले जातात. असो.

प्रत्येक प्रोजेक्टच्या सुरुवातीला एक एक्सेल शीट बनते, तिला रिस्क रजिस्टर म्हणतात. धोका काय, शक्यता किती, परिणाम किती, आणि शेवटचा कॉलम: रिस्क ओनर. आउटसोर्सिंगची खरी मोहिनी या शेवटच्या कॉलममध्ये आहे. करारावर सही झाली की तिथलं आपलं नाव पुसून व्हेंडरचं नाव टाकता येतं. मॅनेजर खुश. प्रश्न इतकाच, की नाव बदललं म्हणून धोका जागचा हलतो का? आणि हललाच, तर नेमका कुणाच्या दारात जाऊन बसतो?

पहिली गोष्ट कापडाची.

भिवंडीत हातमाग जुने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर इथे स्थिरावले. पुढे विसाव्या शतकात वीज आली, यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्या तेव्हा जोरात होत्या आणि भिवंडी त्यांच्या सावलीत होती. मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप कधी अधिकृतपणे मिटलाच नाही. गिरण्यांनी बाहेर कापड विणून घेणं आधीपासून सुरू केलं होतं, संपाने त्याला प्रचंड वेग दिला. विणाई भिवंडीत, शिक्का गिरणीचा. आजच्या भाषेत व्हाइट लेबलिंग!

गिरणीच्या दृष्टीने हे झकास होतं. कायम कामगार नाहीत, युनियन नाही, मशिनरीत भांडवल नाही. भिवंडीतले कारखाने लहान. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की कारखाने कायदा लागायचा, म्हणून एकाच शेडमधले माग कागदावर तीन-चार नावांनी वाटलेले असायचे.

हा धंदा चालतो जॉबवर. व्यापारी सूत देतो, माग ज्याचा तो विणून देतो, आणि मजुरी मिळते पिकावर. पीक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. इंचात किती पिकं बसली त्यावर मीटरची मजुरी ठरते, आणि घासाघीस चालते ती पिकामागे काही पैशांवर. रुपयांवर नाही, पैशांवर. माग चालवणाऱ्या कामगारालाही पगार नाही, जेवढं कापड निघालं तेवढ्याचे पैसे.

आता या साखळीवर रिस्क रजिस्टर ठेवून बघा. बाजारात मंदी आली तर व्यापारी काय करतो? सूत देणं थांबवतो. बस्स, त्याची जोखीम संपली. (आपल्याकडे याला "क्लायंटने प्रोजेक्ट होल्डवर टाकला" म्हणतात.) मागवाल्याकडे बंद माग, जागेचं भाडं आणि कर्जाचा हप्ता. आणि कामगार? लाइट गेली तरी त्याची मजुरी बुडते, सूत तुटकं निघालं तरी बुडते, सूत आलंच नाही तर तो गाडी पकडून गावाला जातो. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण. म्हणजे जोखीम खरंच हलली, कुणी नाही म्हणणार नाही. पण ती ज्याला आवरता येते त्याच्याकडे गेली नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे गेली. मंदी आवरणं कामगाराच्या हातात आहे का? लाइट जाणं आहे का?

आणि याची किंमत वरच्यालाही मोजावी लागते, फक्त उशिरा. पैशांच्या फरकावर जगणारा मागवाला नवीन मशीन कशाच्या जोरावर घेणार? जगात शटललेस माग आले, एअरजेट आले, तरी भिवंडीत मोठ्या संख्येने जुने साधे मागच खडखडत राहिले. स्वस्त व्हेंडर पिळून पिळून स्वस्त ठेवला की काही वर्षांनी आपल्यासमोर जुनाट व्हेंडर उभा असतो. हे कापडाबद्दल आहे की आपण ज्या मेन्टेनन्स प्रोजेक्टवर आहोत त्याबद्दल, ते ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरी गोष्ट विजेची, आणि हिच्यात इन्फर्मेशन सिस्टीम थेट मध्यभागी आहे.

२००५ साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं विभाजन होऊन वितरणासाठी महावितरण ही कंपनी झाली. तिच्या वाट्याला भिवंडी आली ती अशी: २००६ च्या सुमारास इथली एकूण तांत्रिक आणि व्यावसायिक हानी ५८ टक्के होती. म्हणजे गावात १०० युनिट वीज गेली, तर जेमतेम ४२ युनिटांचे पैसे हातात येत होते. ट्रान्सफॉर्मर (लोक त्याला डीपी म्हणतात) वर्षाला ४० टक्क्यांच्या वर जळत होते. राज्यात विजेचा तुटवडा होता आणि जिथे गळती जास्त तिथे भारनियमन जास्त असं सूत्र होतं. भारनियमन वाढलं की माग बंद, माग बंद की बिल थकलेलं, बिल थकलं की आकडा. पुन्हा गळती. चक्र पूर्ण.

मराठीत "आकडा" शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक हिशोबातला आणि एक तारेवर टाकलेला. तारेवरचा आकडा हिशोबातला आकडा खोटा पाडतो, हा भिवंडीचा मूळ प्रश्न. चोरी दिसत होती, पण ती नेमकी कुठल्या डीपीवर, कुठल्या गल्लीत, किती, हे सांगणारी माहिती नव्हती. ग्राहकांची यादी एक सांगते आणि रस्ता दुसरं सांगतो, मीटर बंद म्हणून बिल सरासरीने, आणि सरासरी कशाची, तर मागच्या सरासरीची!

२००३ च्या वीज कायद्याने एक नवी सोय केली होती: फ्रँचायझी. लायसन्स मूळ कंपनीचंच राहतं, पण एखाद्या भागाचं वितरण ती दुसऱ्याकडून करून घेऊ शकते. महावितरणने निविदा काढल्या, डिसेंबर २००६ मध्ये टोरंट पॉवरबरोबर करार झाला आणि २६ जानेवारी २००७ पासून भिवंडीचं वितरण टोरंटकडे गेलं, दहा वर्षांसाठी. या प्रकारचा देशातला हा पहिला करार.

करार थोडक्यात असा. गावात शिरणारी वीज वेशीवर मीटर लावून मोजायची. तिथे मोजलेल्या प्रत्येक युनिटला टोरंटने बोलीत लिहून दिलेला भाव महावितरणला द्यायचा, दहाही वर्षांचे भाव आधीच ठरलेले. आत काय गळलं, काय चोरीला गेलं, किती वसूल झालं, तो टोरंटचा प्रश्न. ग्राहकाला लावायचे दर मात्र राज्य वीज नियामक आयोग ठरवणार, आणि ते बदलले तर टोरंटने द्यायचा भावही त्या प्रमाणात बदलणार. जुन्या थकबाकीचा हिशोब वेगळा.

एक इंजिनिअर म्हणून मला यात जाम आवडलेली गोष्ट सांगतो. जी जोखीम व्हेंडर स्वतः कष्ट करून कमी करू शकतो (गळती, चोरी, वसुली), ती पूर्णपणे त्याला दिली. जी त्याच्या हातात नाही (दर), ती त्याच्यावर टाकली नाही. आणि दोघांच्या मध्ये वाद घालायला जागा ठेवली ती एकच, वेशीवरचा मीटर, जो दोघांनाही दिसतो. आपल्या एसएलएमध्ये सत्तेचाळीस निकष असतात आणि दर महिन्याच्या मीटिंगमध्ये त्यातल्या चाळीसांवर भांडण असतं. इथे एक मीटर. ऑलिव्हर हार्ट आणि बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांना २०१६ चं अर्थशास्त्राचं नोबेल कराराच्या सिद्धांताबद्दल मिळालं. कुठलाही करार पुढच्या सगळ्या शक्यता लिहू शकत नाही, म्हणून उरलेल्या गोष्टींत निर्णयाचा हक्क कुणाला हे आधी ठरवा, हा हार्ट यांच्या कामाचा गाभा. भिवंडीचा करार त्या चौकटीत बऱ्यापैकी बसतो.

टोरंटची आणखी एक जमेची बाजू होती. अहमदाबाद आणि सुरतचं वितरण त्यांच्याकडे आधीपासून होतं, आणि सुरत म्हणजे पुन्हा यंत्रमागांचंच शहर. माग चालणाऱ्या गल्लीत वीज कशी वापरली जाते, कशी चोरली जाते, हे त्यांना नवं नव्हतं. त्यांनी मीटर मोठ्या प्रमाणावर बदलले, डीपी आणि वाहिन्यांवर पैसा ओतला, कुठला ग्राहक कुठल्या डीपीवर याची नोंद बसवली, बिलिंग आणि तक्रार केंद्रं उभी केली. चार-पाच वर्षांत हानी ५८ वरून २० टक्क्यांच्या आसपास आली आणि डीपी जळण्याचं प्रमाण एकआकडी झालं. २०१७ मध्ये करार आणखी दहा वर्षांसाठी वाढवला गेला.

इथे थांबलो असतो तर हा लेख कंपनीच्या ब्रोशरमध्ये शोभला असता. पण गावाची बाजूही आहे. बिलं वाढली, मीटर जोरात पळतात अशा तक्रारी आल्या, वीजचोरीच्या धाडी आणि गुन्हे यांवरून संताप झाला. टोरंटविरुद्ध मोर्चे निघाले, धरणी झाली, वेगवेगळ्या पक्षांनी हा विषय अनेक निवडणुकांत वापरला. यातली प्रत्येक तक्रार खरी किंवा खोटी ठरवायला मी कोण? पण तिची रचना बघण्यासारखी आहे. दारात येणारा माणूस फ्रँचायझीचा, लायसन्स महावितरणचं, दर आयोगाचे. करार दोन पक्षांत झाला, त्यावर सही नसलेला तिसरा पक्ष म्हणजे गाव. वेशीवरच्या मीटरवर दोघांचा विश्वास होता, घरातल्या मीटरवर तिसऱ्याचा बसला नाही. रिस्क रजिस्टरमध्ये या धोक्यासाठी रकानाच नव्हता.

आता भिवंडीची नक्कल काय झाली ते बघा, कारण खरा धडा तिथे आहे.

२०११ मध्ये महावितरणने हेच मॉडेल आणखी तीन शहरांत नेलं. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) जीटीएलकडे, नागपूरचा काही भाग स्पॅन्कोकडे, जळगाव क्रॉम्प्टन ग्रीव्हजकडे. यातल्या जीटीएल आणि स्पॅन्को तर आपल्याच बिरादरीतल्या, टेलिकॉम-आयटी सेवा देणाऱ्या कंपन्या. निकाल? जीटीएलकडे महावितरणचे पैसे थकत गेले आणि २०१४ मध्ये करार संपवला गेला. जळगाव २०१५ मध्ये परत आलं. नागपुरात स्पॅन्कोच्या जागी २०१२ मध्ये एस्सेल समूह आला, पण २०१९ मध्ये तोही भाग महावितरणकडे परत गेला. तीनपैकी तीन.

करार जवळपास तोच, मग असं का? माझं वाचन असं. एक, भिवंडीइतकी मोठी गळती तिथे नव्हती, म्हणजे सुधारून कमावण्यासारखंही तितकं नव्हतं. दोन, बोलीचा खेळ. १९७१ साली तेल कंपनीतल्या तीन इंजिनिअरांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांवर एक निबंध लिहिला होता. सगळेच अंदाजाने बोली लावत असतील तर ज्याचा अंदाज वरच्या बाजूला सगळ्यात जास्त चुकला तोच जिंकतो, असा त्याचा सारांश. भिवंडीचं यश सगळ्यांनी वाचलं होतं, त्यामुळे आशावादी बोली लावायचा मोह मोठा होता. आणि तीन, व्हेंडरची स्वतःची तब्येत. जीटीएल त्याच २०११ मध्ये कर्जाच्या पुनर्रचनेत अडकली होती. जोखीम कागदावर हस्तांतरित करता येते, पण घेणाऱ्याच्या खिशात ती झेलायला पैसे नसतील तर ती रबरासारखी परत येऊन आपल्याच तोंडावर बसते. २००९ च्या जानेवारीत सत्यमचा घोटाळा बाहेर आला तेव्हा जगभरच्या क्लायंट्सनी एका रात्रीत हाच धडा घेतला होता.

मात्र तीनही शहरांत दिवे लागलेले राहिले, कारण परत घ्यायला महावितरण शिल्लक होतं. लायसन्स तिचं, शेजारच्याच भागात तिची माणसं, तिची यंत्रणा. जेपी मॉर्गन चेसने २००२ च्या अखेरीस आयबीएमला सात वर्षांचं, पाच अब्ज डॉलरचं काम दिलं आणि २००४ मध्ये ते रद्द करून काही हजार माणसांसकट परत घेतलं. त्यांना ते परवडलं. ज्यांनी काम देताना ते काम जाणणारी सगळी माणसंही देऊन टाकलेली असतात, त्यांना ही चैन नसते.

माझ्या कामाचा बराचसा भाग ट्रान्झिशनचा आहे, म्हणजे एका टीमकडून सिस्टीम काढून दुसऱ्या टीमकडे नेणं. एका परदेशी क्लायंटकडे (नाव नको) रात्रीच्या बॅच जॉब्सची यादी मिळाली, सह्या-शिक्क्यांसकट. सर्व्हरवर प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त जॉब चालत होते. ते कशासाठी आहेत हे ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि तो निवृत्त होऊन मासेमारी करत होता! यादी आणि रस्ता यांतला फरक भिवंडीत होता तसाच तिथे होता, फक्त एसीमध्ये.

सरकारलाही हे उमगलं असावं. २००८ मध्ये केंद्राने वीज वितरण सुधारणेची योजना नव्याने आणली, आर-एपीडीआरपी नावाने, तेव्हा तिचे दोन भाग केले. पहिल्या भागात फक्त माहिती: ग्राहकांची नोंद, फीडर आणि डीपीवर मीटर, नकाशे, बिलिंगची सिस्टीम, आरंभीची हानी नक्की करणं. खांब-तारा दुसऱ्या भागात. आधी मोजा, मग बांधा.

मला स्वतःला या सगळ्यातून रिस्क रजिस्टरवर चार प्रश्न लिहावेसे वाटतात. पहिल्या दिवशीचे आकडे कुणी मोजले, आणि दोघांना ते मान्य आहेत का? जी जोखीम देतोय ती कमी करणं घेणाऱ्याच्या हातात आहे का, आणि झेपली नाही तर त्याच्याकडे पैसे आहेत का? काम परत घ्यायची वेळ आली तर ते जाणणारं आपल्याकडे कोण उरलंय? आणि चौथा, जो कुठल्याच टेम्प्लेटमध्ये मला सापडला नाही: सही न केलेला कोण आहे, आणि त्याच्या वाट्याला काय येतंय? कापडाच्या गोष्टीत तो मागावरचा कामगार होता, विजेच्या गोष्टीत बिल हातात घेऊन उभा असलेला माणूस. आपल्या प्रोजेक्टमध्ये तो परदेशातल्या एखाद्या बँकेचा खातेदार असतो, किंवा रात्री दोनला पेजर ड्युटीवर बसलेला कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा.

भिवंडीच्या वाढीव कराराची मुदत जानेवारी २०२७ पर्यंतची. पुढे कुणाकडेही जावो, त्या दिवशी टेबलावर एक यादी ठेवली जाईल: इतके ग्राहक, इतके मीटर, इतकी हानी. २००७ साली तशी धड यादी नव्हती. ती तयार झाली हे वीस वर्षांतलं मोठं काम. ती यादी गावालाही खरी वाटते का, हे काम कुणाच्याच करारात लिहिलेलं नाही.